वर्गणीच्या वहीतील नावे: नाशिकमधील एका मंडळीचे प्रकरण

बाईला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारात मताची जागा द्यावी की नाही, याचे हे प्रकरण नाशिकमधील एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीत 2021 ते 2024 या काळात घडले. मी त्या मंडळीचा पाळक (धर्मगुरू) होतो. म्हणजे येथे सांगणारा त्रयस्थ नाही, आणि निकाल बराचसा माझ्या मनासारखा लागल्यामुळे माझे सांगणे थोडे माझ्या बाजूला झुकले असणार, हे वाचकाने गृहीत धरावे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून मंडळीचे व पंथाचे नाव दिलेले नाही, तसेच आकडे आणि घरगुती तपशील थोडे बदलले आहेत.

पार्श्वभूमी

नाशिकच्या प्रोटेस्टंट समाजाची मुळे बऱ्याच अंशी शरणपुरात आहेत. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात तेव्हाच्या शहराबाहेर वसवलेल्या या वस्तीत धर्मांतरामुळे घरादाराला पारखी झालेली कुटुंबे होती, अनाथ मुले होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही होती. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवाबरोबर 1874 मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच मुलांपैकी एक. आमच्या मंडळीतील जुनी माणसे ही गोष्ट अभिमानाने सांगतात. ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी जागा करून मंडळी उभी राहिली, हे त्यांच्या सांगण्यातून आपोआप येते, मात्र त्यावरून पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आज आमच्याकडे सुमारे 110 कुटुंबे आहेत. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या नाशिकची; बाकीची नगर, जालना आणि मराठवाड्यातील खेड्यांतून नोकरीसाठी आलेली, कोणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कोणी ओझरच्या विमान कारखान्यात, कोणी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. निरनिराळ्या मिशनांच्या हाताखाली वाढलेली ही माणसे एका छताखाली आली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या गावच्या मंडळीतील रीत बरोबर आणली, आणि त्यांतील जी रीत सर्वांत कडक होती तीच हळूहळू सर्वांची ‘परंपरा’ ठरली. पुरुष उजवीकडे आणि बाया डावीकडे बसणे ही त्यांपैकीच एक. गंमत अशी की, ज्या घराण्यांच्या नावाने ही रीत पाळली जात होती त्यांच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले की, त्यांच्या लहानपणी कुटुंबे एकत्रच बसत असत.

मंडळीचा कारभार नऊ जणांचे वडीलमंडळ पाहते. हिशेब, गरजूंना मदत, इमारतीची दुरुस्ती ही त्यांची कामे, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या, रविवारी पाळकाबरोबर भाकर व प्याला लोकांपर्यंत नेणे हा त्यांचा मान. हे नऊही जण नेहमी पुरुषच असत. बुधवारची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या घरभेटी, रविवारशाळा आणि कापणीच्या सणाची सगळी उस्तवार मात्र महिला मंडळाकडे. कापणीच्या सणाला द्राक्षांच्या पेट्या, कांद्याची पोती, कोंबड्या, अंडी, घरी केलेली लोणची असे काय काय दानार्पणात येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलावाचे पैसे बाया मोजत, कागदावर मांडून खजिनदारांच्या हाती देत, आणि खजिनदार ते पुन्हा मोजत. कित्येक वर्षे दोन्ही मोजण्यांत फरक आला नव्हता, तरी दुसरी मोजणी थांबली नव्हती.

प्रकरणाच्या मध्यभागी ज्या बाई आहेत त्यांना मंडळीत सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. त्या संन्यासिनी नव्हेत. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका आहेत, दोन मुलांच्या आई आहेत, आणि महिला मंडळाचे काम त्यांनी 15 वर्षे पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकमध्ये रुग्णाला खाट मिळेनाशी झाली होती आणि मी स्वतः घरी विलगीकरणात पडून होतो. त्या दिवसांत वडीलमंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या धाकट्या भावाचे निधन झाले. या सभासदांना सारी मंडळी ‘मामा’ म्हणते, म्हणून येथेही मामाच म्हणतो. दफनभूमीवर मोजकीच माणसे होती. मी फोनवरून विधी सांगत होतो, पण आवाज तुटत होता. शेवटी सिस्टरांनी उपासनापुस्तक हातात घेतले, दफनविधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत वाचला आणि मूठभर माती टाकली. त्या दिवशी कोणीही हरकत घेतली नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून आभार मानले.

अडचण

करोनात वडीलमंडळातील एक जण गेले आणि दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जानेवारी 2022 च्या वार्षिक सभेत दोन रिक्त जागांसाठी नावे मागवली, तेव्हा तरुण संघातील एका मुलाने सिस्टरांचे नाव सुचवले. सभागृह एकदम शांत झाले. मग मामा उठले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, सिस्टरांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण प्रभूच्या मेजाजवळ बाईने उभे राहायचे, हे आपल्यात नाही.”

‘आपल्यात नाही’ या दोन शब्दांपुढे बोलण्याची तयारी माझ्याजवळ नव्हती. आमच्या पंथाच्या घटनेत स्त्रीला वडीलपद किंवा पाळकपदाची दीक्षा देण्यास कोठेही मनाई नाही. नियम कधीचा मोकळा होता. पण मामांनी नियमाचा आधार घेतलाच नव्हता. सभेत चुळबूळ सुरू झाली, कोणी बायबलमधील तीमथ्याच्या पत्राचा, बाईने शिकवू नये या वचनाचा, उल्लेख केला, कोणी म्हणाले की हे विलायतेतून आलेले खूळ आहे, आणि मी घाईने जाहीर केले की हा विषय विचारासाठी पुढे ढकलत आहोत. रिक्त जागांपैकी एक त्याच सभेत एका गृहस्थांनी भरली गेली आणि एक तशीच राहिली.

या प्रकरणातील पहिला निर्णय हा, आणि तो मी विचार न करता घेतला.

समोरचे पर्याय

पुढच्या आठवड्यात मी शांतपणे बसलो तेव्हा चार वाटा दिसत होत्या. पहिली वाट म्हणजे विषय तसाच विरू द्यायचा; मंडळीत शांतता राहिली असती, आणि सिस्टर स्वतः काही बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. दुसरी, वरिष्ठ मंडळाकडे लिहून स्पष्ट आदेश मागवायचा. तो मिळालाही असता, कारण घटना आमच्या बाजूने होती. पण वरून आलेल्या कागदाच्या जोरावर मेजाजवळ उभ्या केलेल्या बाईच्या हातून प्याला कोण घेणार होते? तिसरी वाट, विशेष सभा बोलावून लगेच मतदान घ्यायचे. चौथी, सिस्टरांना वडीलमंडळात ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलवायचे, मताचा अधिकार न देता, म्हणजे लोकांना सवय होईल आणि कोणी दुखावणार नाही.

मी चौथी वाट धरली. ती मला त्या वेळी शहाणपणाची वाटली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. महापालिकेच्या राजकारणातील एक उदाहरणही माझ्या मनात होते. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, आणि तेव्हा आमच्याच मंडळीतील पुरुषांनी ‘आता नवरेच नगरसेवक होणार’ म्हणून थट्टा केली होती. काही वर्षांत तेच पुरुष पाण्याची तक्रार घेऊन प्रभागातील नगरसेविकेच्या दारात उभे राहू लागले. सवयीने माणसे बदलतात, असा मी अर्थ काढला. त्या नगरसेविकेला पहिल्या दिवसापासून मत होते, आणि मी सिस्टरांना देऊ केलेल्या खुर्चीला ते नव्हते, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

आठ महिने सिस्टर बैठकांना आल्या. बैठक शनिवारी रात्री आठला असे. त्यांच्यासमोर मदतनिधीची यादी ठेवली जाई, त्या कोणत्या घरात काय गरज आहे हे सांगत, आणि मग ठराव टाकताना बाकीच्यांचेच हात वर होत. ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तीत एवढेच होते की, घरोघरची माहिती त्या पूर्वीप्रमाणे फोनवर कळवत जातील, त्यासाठी बैठकीला येण्याची गरज दिसत नाही. तक्रारीचा एक शब्दही तीत नव्हता. मी ती चिठ्ठी बराच काळ बायबलमध्ये ठेवली होती, आणि मला वाटते, आठ महिन्यांत मी वाचलेली सर्वांत स्पष्ट गोष्ट तीच होती.

काय केले

2023 च्या लेंटमधील (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील) चार बुधवार मी या विषयाच्या अभ्यासासाठी ठेवले. रविवारच्या व्यासपीठावरून हा विषय मांडायचा नाही असे ठरवले होते, कारण व्यासपीठावरून एकच माणूस बोलतो आणि बाकीच्यांना गप्प बसावे लागते.

पहिल्या बुधवारी मी मामांनाच वचने वाचायला सांगितली: तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय 2, आणि करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 14. त्यांनी ती नीट, सावकाश वाचली आणि आपली बाजू मांडली. त्यांचे म्हणणे उथळ नव्हते. बाई कमी आहे असे ते म्हणत नव्हते. देवाने कामे वाटून दिली आहेत, प्रभूने बारा प्रेषित निवडले ते पुरुष होते, आणि रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही हा क्रम पाळतात, असे ते म्हणत होते. तरुण संघातील त्याच मुलाने विचारले, “मामा, बारा जण यहुदीही होते. मग नाशिकमध्ये वडील कुठून आणायचे?” लोक हसले, मामाही हसले, पण हसण्याने प्रश्न सुटला नाही.

दुसऱ्या बुधवारी त्याच करिंथच्या पत्रातील अकरावा अध्याय घेतला. तेथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगतो, म्हणजे ती मंडळीत बोलते हे त्याने धरलेलेच आहे. मग तीनच अध्यायांनंतर ‘गप्प राहावे’ असे तो कोणाला आणि कोणत्या गोंधळाबद्दल म्हणतो, हा विचार करावाच लागतो. या चर्चेत मला अपेक्षित नसलेले वळण आले. एका काकूंनी विचारले की, पदर घेण्याबद्दल वचन इतके स्पष्ट असताना आज निम्म्या मुली डोक्यावर ओढणी न घेता प्रभुभोजनाला येतात, त्यांना आपण कधी अडवले? कोणी उत्तर दिले नाही. वचनातील एक गोष्ट काळाबरोबर सोडून देणारे आम्हीच दुसरी गोष्ट मात्र अक्षरशः धरून होतो, हे काकूंनी मला सुचले नसते इतक्या सरळपणे दाखवले.

तिसऱ्या बुधवारी रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय वाचला. हा अध्याय आपण सहसा घाईत उरकतो, कारण तो नुसता सलामांची यादी वाटतो. त्या यादीत फिबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस अशा स्त्रिया आहेत. फिबीला आपल्या मराठी पवित्र शास्त्रात किंख्रियातील मंडळीची ‘सेविका’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’ आहे, आणि पौल हाच शब्द इतरत्र स्वतःसाठी वापरतो. तेथे आपण ‘सेवक’ वाचतो आणि मनात प्रेषित उभा राहतो. ‘सेविका’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडी सेविका येते, सतरंज्या अंथरणारी बाई येते. भाषांतर चुकलेले नाही. शब्दाला आपण दिलेले वजन कमी-जास्त आहे.

त्याच दिवशी ‘विलायती खूळ’ हा मुद्दा पुन्हा निघाला. मी फक्त सनावळी सांगितली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीतून निघालेल्या, परंपरेतील पहिली स्त्री धर्मगुरू फ्लोरेन्स ली टिम-ओई ही हाँगकाँगची चिनी बाई. युद्धकाळात मकाव येथील लोकांना प्रभुभोजन देणारे कोणी उरले नव्हते, म्हणून 1944 मध्ये तिला दीक्षा देण्यात आली. इंग्लंडच्या मंडळीने पहिल्या स्त्रियांना ती दीक्षा 1994 मध्ये दिली, म्हणजे 50 वर्षांनी. दक्षिण भारताच्या मंडळीने 2013 मध्ये नंद्याळच्या बिशपपदी स्त्रीला बसवले, तेव्हा इंग्लंडच्या मंडळीत एकही स्त्री बिशप नव्हती. युद्धातील ती हकिगत सांगताना मला आमची एप्रिल 2021 ची दफनभूमी आठवत होती, आणि तेथे मी घसरलो, ते पुढे सांगतो.

चौथा बुधवार मंडळीच्या स्वतःच्या कागदपत्रांसाठी होता. जुन्या नोंदवहीत पगाराच्या यादीत ‘बायबलबाई’ असा शब्द अनेक ठिकाणी आढळला. मिशनच्या काळात या बाया गावोगाव, वाड्यावाड्यांत जाऊन शास्त्र वाचून दाखवत आणि शिकवत. ज्या घरांत परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे तेथे सुवार्ता त्यांच्याच तोंडून गेली. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीचे अपुरे राहिलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य पुरे केले, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले, ही नावे सर्वांना पाठ होतीच. परंतु आपल्याच मंडळीच्या वहीत, आपल्याच आजी-पणजींच्या काळी, शिकवण्याचे काम बायांकडे पगारी होते, हे पाहून लोक अधिक गप्प झाले.

आणि त्याच संध्याकाळी, जुन्या वह्या आवरताना, या प्रकरणाची खरी गाठ सापडली. खजिनदारांनी सहज म्हणून चालू मतदारयादी माझ्यापुढे ठेवली. घटनेप्रमाणे प्रभुभोजन घेणाऱ्या आणि नियमित वर्गणी देणाऱ्या प्रत्येक प्रौढ सभासदाला वार्षिक सभेत मत आहे. वर्गणीची पाकिटे मात्र घरटी एकच, आणि त्यावर नाव कुटुंबप्रमुखाचे. यादी वर्गणीच्या वहीवरून उतरवली जात होती. 131 नावांत 27 स्त्रिया होत्या, आणि त्यांतील 22 विधवा. आमच्या मंडळीत बाईला मत मिळण्यासाठी आधी तिचा नवरा मरावा लागत होता. हे कोणी ठरवले नव्हते, कोणा मिशनऱ्याने लिहून ठेवले नव्हते, आणि त्याला कोणत्याही वचनाचा आधार नव्हता. मी तेथे नऊ वर्षे पाळक होतो आणि दरवर्षी त्या यादीवर माझी सही होती.

येथून पुढे मी सिस्टरांचे नाव बाजूला ठेवले आणि वहीचे काम हाती घेतले. एका घरातून दोन पाकिटे म्हणताच ‘वर्गणी दुप्पट होणार’ अशी भीती पसरली. काही घरांना ते खरोखर परवडणारे नव्हते. खजिनदारांनीच तोड काढली: रक्कम तीच, पाकीट तेच, पण त्यावर घरातील प्रत्येक प्रौढ सभासदाचे नाव, आणि वहीत रक्कम विभागून नोंद. खजिनदार हे सिस्टरांच्या निवडीला विरोध करणाऱ्यांपैकी होते. हिशेबातील चूक मात्र त्यांना सहन होत नसे, आणि ही त्यांना हिशेबातील चूक वाटली. ऑगस्ट 2023 पर्यंत नवी यादी तयार झाली. तीत 248 नावे होती, त्यांपैकी 129 स्त्रियांची.

याच काळात स्वयंपाकघरात एक वेगळी चर्चा चालू होती, ती माझ्या पत्नीमुळे मला कळली. सभेत कोणी उच्चारले नव्हते, पण बायांच्या मनातील खरी अडचण विटाळाची होती: ज्या दिवसांत बाई ‘बाजूला’ असते त्या दिवसांत तिने प्रभूच्या मेजाला हात कसा लावायचा? आम्ही विटाळ मानत नाही असे व्यासपीठावरून सांगतो, आणि घरी लोणच्याच्या बरणीपाशी तो पाळला जातो. या चर्चेचा निष्कर्ष सिस्टरांच्या बाजूचा निघाला: “त्यांचे वय झाले, त्यांना आता चालेल.” मला हे चुकीचे वाटले आणि मी बोललो नाही. मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री प्रभूच्या वस्त्राला हात लावते आणि तो तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो, हे वचन मी त्या वेळी उघडायला हवे होते. पण मते जमत होती, आणि जमणारी मते मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

निष्पत्ती

जानेवारी 2024 च्या वार्षिक सभेत वडीलमंडळासाठी गुप्त मतदान झाले. 138 सभासदांनी मत दिले. सिस्टरांना 74 मते पडली आणि त्या निवडून आल्या. दुसऱ्या उमेदवार शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशीच्या आतील एक बाई होत्या. त्यांना 58 मते मिळाली आणि त्या पडल्या. त्यांच्या शिक्षणाबद्दल, स्वभावाबद्दल वा वचनाच्या अभ्यासाबद्दल कोणाला शंका नव्हती. ‘त्यांना आता चालेल’ या वाक्याची दुसरी बाजू मतपेटीत उतरली होती.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी सिस्टर प्याला घेऊन डावीकडील रांगेत उभ्या राहिल्या. हात थोडा थरथरत होता. इंजेक्शन देताना कधी थरथरला नसेल. मंडळीतील सर्वांत वयस्कर आजी त्या रांगेत होत्या. त्या उठल्या, काठी टेकत पुरुषांच्या बाजूला आल्या आणि माझ्या हातून प्याला घेतला. आजही त्या तसेच करतात. वडीलमंडळात एकाने सुचवले की आजींना समजावून सांगावे; सिस्टर म्हणाल्या, “आजींना कुठूनही मिळू दे.” विषय तेथे संपला. एक परिणाम मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता: आजींच्या मागोमाग त्यांची सून आणि नाती उजवीकडे येऊ लागल्या, इतर कुटुंबेही सरमिसळ बसू लागली, आणि पुरुष-बायांच्या वेगळ्या बाजू कोणताही ठराव न होता पुसट झाल्या.

दोन कुटुंबांनी मंडळी सोडली, त्यांपैकी एक मामांच्या भावाचे. मामा स्वतः राहिले. बैठक शनिवारी रात्रीऐवजी रविवारी उपासनेनंतर होऊ लागली, कारण सिस्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले की रात्री आठला घरातील बाईला बाहेर पडता येत नाही. कापणीच्या सणाच्या पैशांची दुसरी मोजणी बंद झाली. उलट बाजूने, महिला मंडळाच्या घरभेटी निम्म्यावर आल्या आहेत. सिस्टरांचा वेळ बैठकांत जातो आणि त्यांची जागा घ्यायला कोणी पुढे आलेले नाही. वडीलमंडळातील एकाही पुरुषाने घरभेटींचे काम मागितले नाही, आणि मीही ते कोणाकडे सोपवले नाही.

काय वेगळे करता आले असते

मतदारयादी मी सर्वांत आधी पाहायला हवी होती. चार बुधवार वाया गेले असे मी म्हणणार नाही, परंतु ज्यांच्याबद्दल चर्चा चालली होती त्यांतील बहुतेकींना मतच नव्हते, आणि ही गोष्ट मला ग्रीक शब्दाच्या अर्थाइतकी महत्त्वाची वाटायला अभ्यासाचा शेवटचा दिवस उजाडावा लागला. दुसऱ्या मंडळीतील पाळकांनी मला या विषयावर काही विचारले तर मी पहिला प्रश्न हाच करतो की, वर्गणीच्या पाकिटावर कोणाचे नाव आहे.

‘विशेष निमंत्रित’ ही तडजोड मी पुन्हा करणार नाही. लोकांना सवय लागावी म्हणून मी ती केली, आणि लोकांना सवय लागली ती सिस्टरांना मताविना बसलेले पाहण्याची. त्यांना त्या आठ महिन्यांत काय वाटले हे मी एकदाही विचारले नाही. नाव सुचवले गेले तेव्हाही, ते पुढे ढकलले तेव्हाही, सगळे निर्णय त्यांच्याविषयी झाले आणि त्यांना कळवले गेले.

सर्वांत मोठी चूक तिसऱ्या बुधवारची. ली टिम-ओई यांची हकिगत सांगता सांगता मी दफनभूमीवरील प्रसंग सर्वांसमोर काढला आणि विचारले की, त्या दिवशी सिस्टरांचा आवाज चालला, मग आज का चालत नाही? युक्तिवाद बिनतोड होता. समोर मामा आणि त्यांची भावजय बसली होती. त्या बाईच्या नवऱ्याचे दफन मी वादातील एक मुद्दा म्हणून वापरले होते. त्या उठून गेल्या, आणि मंडळी सोडणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एक त्यांचे. मी नंतर दोनदा त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली, चहा घेतला. त्यांनी क्षमा केली असे त्या म्हणतात. त्या परत आलेल्या नाहीत. स्त्रियांच्या बाजूने बोलताना एका स्त्रीला न विचारता तिचे दुःख मी चव्हाट्यावर मांडले, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

विटाळाबद्दल गप्प राहिलो, त्याची किंमत शिक्षिकाबाईंनी मोजली. 2024 च्या लेंटमध्ये मी मार्कचा तो अध्याय घेतला, तेव्हा एका आईने बैठक संपल्यावर म्हटले, “साहेब, हे मतदानाआधी सांगायला हवे होते.” एक वर्ष उशिराने सांगितलेले वचनही वचनच असते, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

सध्या वडीलमंडळापुढे एक अर्ज आहे. मंडळीतील एका 23 वर्षांच्या मुलीला पुण्याच्या सेमिनरीत धर्मशास्त्र शिकायचे आहे आणि पुढे पाळक म्हणून दीक्षा घ्यायची आहे. अर्जावर पाळकाच्या सहीबरोबर तीन वडिलांच्या सह्या लागतात. मुलीच्या आईने मला विचारले की, शिकून आल्यावर तिला कोणती मंडळी घेईल, आणि मी म्हणालो की मला माहीत नाही. माझी सही झाली आहे, सिस्टरांची झाली आहे, आणि खजिनदारांनी प्रवेशशुल्काचा आकडा दोनदा तपासून आपली केली आहे. तिसरी सही राहिली आहे. फॉर्म दोन आठवड्यांपासून मामांच्या घरी आहे. मागच्या रविवारी मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की चष्मा बदलायला टाकला आहे, आला की वाचतो.